पडदा, चिप आणि ड्रायव्हर : यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या संगणकांच्या देखभालीचा इतिहास

वैयक्तिक संगणकाच्या पडद्यावर जे अक्षर किंवा चित्र उमटते, ते उमटवण्याचे काम संगणकातील एक स्वतंत्र चिप करते आणि विंडोजसारखी कार्यप्रणाली त्या चिपशी थेट बोलू शकत नसल्यामुळे दोघींच्या मध्ये एक दुभाषी आज्ञावली बसवावी लागते. या आज्ञावलीला डिस्प्ले ड्रायव्हर म्हणतात. चिप बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या चिपची अंतर्गत रचना वेगळी ठेवते, त्यामुळे प्रत्येक चिपला, आणि बहुधा विंडोजच्या प्रत्येक पिढीलाही, वेगळा ड्रायव्हर लागतो. यंत्र नवे असते तोवर हा ड्रायव्हर सोबतच्या सीडीवर मिळतो आणि त्याचे अस्तित्व कोणाच्या लक्षातही येत नाही. यंत्र जुने झाले, सीडी हरवली, विंडोज बदलली किंवा उत्पादकाने ती चिप आपल्या यादीतून काढून टाकली की मात्र याच छोट्या आज्ञावलीवाचून चांगला चालता संगणक निरुपयोगी ठरण्याची वेळ येते.

यवतमाळ जिल्ह्यात ही वेळ वारंवार आली आणि तिला तोंड देण्याची एक विद्याच गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तयार झाली. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आणि तालुके सोळा. वणी आणि उमरखेड ही दोन टोकाची गावे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत, वणीला चंद्रपूर आणि उमरखेडला नांदेड यवतमाळपेक्षा जवळ पडते आणि खुद्द यवतमाळला मोठ्या बाजारासाठी नागपूर किंवा अमरावती गाठावी लागते. एखादा सुटा भाग किंवा ड्रायव्हरची सीडी मिळवण्यासाठी एवढे अंतर कापावे लागत असेल, तर हाताशी असलेले यंत्र शक्य तितके दिवस चालते ठेवणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. भारतातील संगणकाचा इतिहास बंगळूर, पुणे आणि मुंबईच्या कंपन्यांवरून लिहिला जातो आणि त्यात खरेदीच्या, उद्घाटनांच्या व निर्यातीच्या तारखा भरपूर असतात. तहसीलच्या गावी आठ-दहा वर्षे एकच संगणक कसा चालला, याची नोंद त्यात सापडत नाही. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, कारण बहुसंख्य मराठी माणसांची संगणकाशी पहिली ओळख अशाच जुन्या यंत्रावर झाली.

या इतिहासाचा आरंभ ड्रायव्हरच्याही आधी, देवनागरीच्या प्रश्नापासून होतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने निकनेट या उपग्रह-आधारित जाळ्याने देशातील जिल्हा मुख्यालये जोडली आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत संगणक येऊन बसले. त्या काळचे संगणक डॉस या कार्यप्रणालीवर चालत आणि त्यांच्या पडद्यावर ८० स्तंभ व २५ ओळींची चौकट असे. प्रत्येक घरात एक ठरावीक रुंदीचे रोमन अक्षर बसे, आणि या अक्षरांचे आकार चिपमध्येच कायमचे कोरलेले असत. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे जिच्या एका अक्षराची रुंदी व उंची दुसऱ्यासारखी नसते, अशा देवनागरीला या चौकटीत जागा नव्हती. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट हे तंत्र हा अडसर हार्डवेअरने दूर करत असे. संगणकाच्या खाचेत बसवलेले जिस्ट कार्ड पडद्यावर अक्षरे काढण्याचे काम स्वतःकडे घेई आणि इस्की या भारतीय संकेतप्रणालीतील अंकांवरून देवनागरी अक्षरे जुळवून दाखवी, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेससारख्या माहितीसाठ्याच्या आज्ञावलीतही मराठी नावे भरता येत. शासकीय कामात मराठीचा संगणकावर प्रवेश झाला तो असा, एका स्वतंत्र डिस्प्ले कार्डाच्या आधाराने. आणि कार्ड खाचेत नीट बसले नाही किंवा बिघडले की पडद्यावरची मराठी नाहीशी होऊन तिच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसत. माहिती शाबूत असते आणि बिघाड फक्त दाखवण्यात असतो, हा या विद्येचा मूळ धडा त्या चिन्हांनीच शिकवला.

१९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए ही पडद्याची पद्धत आणली आणि तिच्यामुळे पुढच्या सर्व दुरुस्तीला एक पक्का पाया मिळाला. व्हीजीएमध्ये पडदा ६४० आडव्या आणि ४८० उभ्या ठिपक्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक ठिपक्याला १६ रंगांपैकी एक देता येतो. सोळा रंगांसाठी चार बिट पुरतात, म्हणून संपूर्ण पडद्याचे चित्र १,५३,६०० बाइट मेमरीत मावते आणि मूळ व्हीजीएच्या २५६ किलोबाइट मेमरीत ते सहज बसत असे. नंतरच्या प्रत्येक उत्पादकाने आपली चिप कितीही वेगवान केली तरी ही जुनी पद्धत तीत कायम ठेवली. ओळखीचा ड्रायव्हर सापडला नाही की विंडोज याच पद्धतीवर उतरते, सगळी चित्रे अवाढव्य दिसू लागतात, रंग भडक व मोजके होतात, छायाचित्रांवर डाग पडल्यासारखे वाटते, पण संगणक चालू राहतो. जिल्ह्यातील ग्राहक या अवस्थेचे वर्णन ‘स्क्रीन मोठी झाली’ अशा शब्दांत करत आणि अनुभवी कारागिराला एवढ्यावरूनच निदान होत असे, कारण मोठी झालेली स्क्रीन याचा अर्थ मॉनिटर, वायर आणि चिप तिन्ही ठीक आहेत आणि ड्रायव्हर तेवढा गेला आहे.

व्हीजीएच्या पुढे प्रत्येक कंपनी आपापल्या वाटेने गेली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसा या उत्पादकांच्या संघटनेने वरच्या दर्जाच्या पडद्यांसाठी समान नियम बांधले खरे, पण वेग हवा असेल तर कंपनीचाच ड्रायव्हर लागे. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात गावोगावी जे जुळवलेले, म्हणजे सुटे भाग आणून स्थानिक दुकानात बांधलेले, संगणक विकले गेले त्यांत एस-थ्री कंपनीची ट्रायो आणि व्हर्ज, ट्रायडेंट, सिरस लॉजिक, सिस ६३२६ अशी अनेक जातींची स्वस्त कार्डे असत. नामांकित कंपनीच्या संगणकाला एकाच नमुन्याच्या हजारो यंत्रांचा आधार असतो; जुळवलेल्या संगणकाला तो नव्हता. एकाच दिवशी एकाच दुकानातून बाहेर पडलेल्या दोन संगणकांत दोन वेगळी कार्डे असू शकत, आणि पावतीवर मात्र दोन्हींसाठी ‘एजीपी कार्ड ८ एमबी’, म्हणजे फक्त खाचेचा प्रकार आणि मेमरी, एवढीच नोंद असे. यवतमाळ जिल्ह्यातील ड्रायव्हरच्या अडचणींचे मोठे मूळ या नोंदीत आहे. कार्डाची जातच कागदावर नसेल, तर तीन वर्षांनी त्याचा ड्रायव्हर शोधायचा कसा?

याचे उत्तर कारागिरांनी यंत्राकडूनच काढून घेतले. स्वतंत्र कार्ड असलेला संगणक सुरू होताना, मेमरी मोजण्याच्याही आधी, कार्डाचे नाव, त्यावरील बायोस या कायमस्वरूपी आज्ञावलीची आवृत्ती आणि कार्डाची मेमरी सांगणारी एक ओळ पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात काही क्षण झळकते. अडचण अशी की जुना काचेच्या नळीचा मॉनिटर तापून उजळायला काही सेकंद घेतो आणि तोवर ती ओळ निघून गेलेली असते. म्हणून मॉनिटर आधी चालू करून तापू द्यायचा, संगणक एकदा पूर्ण सुरू होऊ द्यायचा, मग कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा दाबून तो वीज न तोडता पुन्हा सुरू करायचा आणि ओळ दिसताच पॉज ही कळ दाबून पडदा जागीच थांबवायचा, अशी रीत होती. ओळ वाचून कागदावर लिहून घेतली की निम्मे काम झाले. एवढ्याने न भागल्यास पेटी उघडून चिपवर छापलेला क्रमांक वाचावा लागे आणि चिपवर चिकटवलेली उष्णताशोषक पट्टी आड आली तर कार्डाच्या मागच्या बाजूच्या कागदी चिठ्ठीवरून किंवा मुद्रित क्रमांकावरून अंदाज बांधावा लागे.

पीसीआय या १९९० च्या दशकातील जोडणी-पद्धतीने ही ओळख पटवणे पुढे सोपे केले, कारण तिच्या नियमानुसार प्रत्येक चिपमध्ये दोन क्रमांक नोंदलेले असतात : पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या विशिष्ट चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, जो तिच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचेही नाव आहे. एटीआयचा १००२, सिसचा १०३९, व्हिआचा ११०६ आणि एस-थ्रीचा ५३३३. विंडोज एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजर या खिडकीत ड्रायव्हर नसलेल्या घटकापुढे पिवळे चिन्ह दिसते. त्यावर जाऊन तपशीलाच्या पानावर पाहिले की हे दोन्ही क्रमांक मिळतात. ८०८६ नंतर २५६२ असेल तर चिपसेट ८४५जी, २५७२ असेल तर ८६५जी, २५८२ असेल तर ९१५जी, २७७२ असेल तर ९४५जी, २९सी२ असेल तर जी३१ आणि २ई३२ असेल तर जी४१, ही जुळणी ज्याला पाठ असे त्याला कोणत्याही गावी, इंटरनेट नसतानाही, पिशवीतील नेमकी सीडी काढता येत असे. चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरील मुख्य चिपांचा संच. वर उल्लेखिलेल्या सहाही संचांत पडद्याची चिप सामावलेली होती, आणि १९९९ च्या इंटेल ८१० पासून अशा ‘ऑनबोर्ड’ डिस्प्लेचा प्रसार झाल्यावर स्वतंत्र कार्ड विकत घेण्याची गरज घरगुती व कार्यालयीन वापरात उरली नाही.

ऑनबोर्ड डिस्प्लेमुळे विविधता कमी झाली आणि त्यामुळे ड्रायव्हरचा साठा करणे शक्य झाले. बोर्डासोबत आलेली सीडी ग्राहक बहुधा सांभाळत नसे, पण दुकानदार तिची प्रत काढून ठेवी, सीडीवर पेनने बोर्डाचे नाव लिहून ती कापडी पाकिटात लावून ठेवी, आणि दहा-बारा सीड्यांत जिल्ह्यातील बहुतेक बोर्ड येऊन जात. ड्रायव्हर टाकण्याचा क्रमही ठरलेला होता. आधी चिपसेटचा, मग डिस्प्लेचा, त्यानंतर आवाजाचा व नेटवर्कचा, असा तो क्रम असे, आणि चिपसेटच्या ड्रायव्हरशिवाय एजीपी खाचेतील कार्ड नीट ओळखले जात नसल्यामुळे हा क्रम चुकवला तर संगणक अधूनमधून गोठण्याची शक्यता असे. व्हिआच्या बोर्डांवर फोर-इन-वन नावाचा ड्रायव्हर-संच आधी टाकण्याचा आग्रह याचसाठी होता. विंडोज ९८ मध्ये ड्रायव्हर बसत असतानाच मध्येच मूळ विंडोजची सीडी मागितली जाई, म्हणून त्या सीडीतील फाइलींची संपूर्ण प्रत डी ड्राइव्हवर ठेवण्याची पद्धत पडली. जुना ड्रायव्हर काढून संगणक आधी साध्या व्हीजीएवर आणायचा आणि मगच नवा बसवायचा, हेही असेच अनुभवातून आलेले पथ्य होते, कारण दोन कंपन्यांच्या ड्रायव्हरांचे अवशेष एकमेकांत मिसळले की मूळ दोषापेक्षा निस्तरायला अवघड असा दोष तयार होतो.

ड्रायव्हरवर ठपका ठेवण्याआधी आकडेमोड करून पाहावी, हा या विद्येतील सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. एक मेगाबाइट मेमरीचे कार्ड ८०० बाय ६०० च्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला १६ बिट रंग देऊ शकते, कारण त्याला ९,६०,००० बाइट लागतात; तेच कार्ड १०२४ बाय ७६८ वर १६ बिट रंग देऊ शकत नाही, कारण तेथे १५,७२,८६४ बाइट लागतात, आणि म्हणून विंडोज आपोआप २५६ रंगांवर घसरते. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून यात काहीही फरक पडत नाही. पडदा दर सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो, त्या वारंवारितेचेही असेच आहे. ६० वेळा रंगवलेला काचेचा मॉनिटर डोळ्यांना लुकलुकताना जाणवतो, म्हणून ग्राहक ८५ चा पर्याय निवडे, आणि पंधरा इंची मॉनिटरला जास्त ठिपक्यांच्या मापावर ती गती झेपत नसल्यामुळे चित्रच नाहीसे होई. अशा बदलानंतर १५ सेकंदांत होकार मिळाला नाही तर विंडोज पूर्वस्थितीवर येते. तेवढा धीर न धरता कळा दाबणाऱ्याचा पडदा मात्र काळाच राही, आणि मग सुरू होताना एफ-८ ही कळ दाबून सेफ मोड, म्हणजे विंडोजची फक्त मूलभूत ड्रायव्हरांवर चालणारी अवस्था, गाठून वारंवारिता उतरवावी लागे.

सेफ मोड हा तर निदानाचा कणाच होता. त्यात कंपनीचा डिस्प्ले ड्रायव्हर चढवला जात नाही. त्यामुळे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा किंवा ठिपके सेफ मोडमध्ये नाहीसे झाले तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, आणि तेथेही दिसत राहिले, किंवा विंडोज सुरू होण्याआधीच्या काळ्या पडद्यावरही दिसले, तर दोष चिपचा अथवा तिच्या मेमरीचा, असा सरळ निवाडा होतो. अजिबातच काही दिसत नसेल, ज्याला बाजारात ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणतात, तर ड्रायव्हरचा विचारच करायचा नसतो. तेव्हा कान लावायचा असतो. संगणक सुरू होताना अवॉर्ड कंपनीच्या बायोसमधून एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या तर डिस्प्ले कार्डात दोष, एएमआय बायोसमधून आठ आखूड शिट्ट्या आल्या तर डिस्प्लेच्या मेमरीत दोष, असे संकेत ठरलेले होते. शिट्ट्या रॅमकडे बोट दाखवत असतील तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर शाळकरी खोडरबर फिरवायचा, खाचेतील धूळ फुंकायची आणि पट्टी दोन्ही बाजूंचे खटके बसेपर्यंत दाबायची, हा उपाय इतका गुणकारी ठरला की खोडरबर हे संगणक-कारागिराच्या हत्यारांपैकी एक होऊन बसले. स्वतंत्र कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर चुकून जुन्या ऑनबोर्ड सॉकेटमध्येच राहणे हे ‘डिस्प्ले गेला’ या तक्रारीचे आणखी एक नेहमीचे, आणि निस्तरायला सर्वांत सोपे, कारण होते.

हार्डवेअरचे दोष या जिल्ह्यात अधिक का आढळत, याची कारणे हवामानात आणि विजेत आहेत. यवतमाळचा उन्हाळा विदर्भाच्या इतर भागांइतकाच कडक असतो, पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, आणि कापसाच्या मुलखात हवेतील धुळीसोबत तंतूही पंख्यांत व उष्णताशोषक पट्ट्यांत अडकून चिपची उष्णता बाहेर पडू देत नाहीत. तापलेली चिप रेघा दाखवते आणि थंड झाल्यावर ठीक चालते, त्यामुळे सकाळी बरा आणि दुपारी आजारी असणारा संगणक ड्रायव्हरच्या दोषाचा आभास निर्माण करतो. त्यातच १९९९ ते २००७ या सुमारास जगभर सदोष धारित्रे, म्हणजे वीज साठवून ती सम प्रमाणात पुरवणारे दंडगोल घटक, असंख्य मदरबोर्डांवर बसवली गेली होती. त्यांचे डोके फुगले, त्यांतून तपकिरी द्रव पाझरला की बोर्डाला मिळणारी वीज डळमळते आणि पडदा अकारण काळा होतो. पेटी उघडल्यावर आधी धारित्रांच्या टोप्या सपाट आहेत की फुगलेल्या, हे पाहण्याची सवय त्या काळातच लागली.

विजेची गोष्ट याहून गंभीर. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसातून अनेक तास भारनियमन होते. वीज एकाएकी जाणे विंडोज ९८ ला विशेष घातक होते, कारण तिची फाइली साठवण्याची पद्धत अर्धवट राहिलेले लेखन सावरू शकत नसे. ड्रायव्हर बसत असतानाच वीज गेली तर नवा धड बसलेला नाही आणि जुना पुसला गेला आहे, अशी त्रिशंकू अवस्था होई आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना निळा पडदा समोर येई. यूपीएसची बॅटरी अशा वेळापत्रकात दोन वर्षेही धड टिकत नसे. त्यामुळे ‘फॉरमॅट मारणे’, म्हणजे डिस्क पुसून सर्व काही नव्याने बसवणे, हा उपाय प्रमाणाबाहेर वापरला गेला. सेफ मोडमध्ये जाऊन फक्त डिस्प्ले ड्रायव्हर काढला असता तर जे काम अर्ध्या तासात झाले असते, त्यासाठी ग्राहकाची पत्रे, हिशेब आणि छायाचित्रे पुसली गेली. या विद्येच्या इतिहासातील ही उणी बाजू आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही.

विद्या पसरली कशी, हे पाहताना दोन प्रवाह दिसतात. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये आणि यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थान १९९६ मध्ये सुरू झाले, त्यामुळे प्रयोगशाळांतून अनेक संगणक एकत्र सांभाळण्याचा अनुभव जिल्ह्यातच मिळू लागला. दुसरीकडे २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी आवश्यक ठरल्यामुळे त्याची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत निघाली. एका खोलीत दहा-वीस संगणक, सर्वांवर एकाच वेळी परीक्षा, आणि पडदा बिघडलेला एक संगणक म्हणजे एका विद्यार्थ्याची खोळंबलेली परीक्षा, अशा ठिकाणी कोणत्याही पुस्तकापेक्षा वेगाने शिक्षण होते. केंद्र सांभाळणारे तरुण हेच पुढे गावचे कारागीर झाले, ही वाट महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या गावी दिसते.

जुनी यंत्रे जपण्याचे एक कारण मात्र पूर्णपणे मराठी आहे आणि ते छपाईच्या व्यवसायात सापडते. लग्नपत्रिका, पत्रके, पावतीपुस्तके आणि साप्ताहिके यांची अक्षरजुळणी पेजमेकर व कोरल ड्रॉ या आज्ञावलींत श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या संचांतील फाँट वापरून होई. युनिकोडपूर्व काळातील हे फाँट प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे जुनी फाइल नव्या यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी विचित्र रोमन चिन्हे दिसतात. त्या काळच्या अनेक फाँट-संचांना प्रिंटरच्या समांतर पोर्टला लावायचे डोंगल, म्हणजे खरेदीचा पुरावा देणारे छोटे हार्डवेअर कुलूप, लागत असे, आणि नव्या बोर्डांवरून तो पोर्टच नाहीसा झाला. वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने हाताशी ठेवायचे तर समांतर पोर्ट असलेला जुना बोर्ड, त्यावर विंडोज ९८ किंवा एक्सपी, आणि त्या बोर्डाचा डिस्प्ले ड्रायव्हर ही साखळी अखंड ठेवावी लागते. सोळा रंगांच्या पडद्यावर पत्रिकेची रंगसंगती ठरवता येत नसल्यामुळे येथे व्हीजीएवर वेळ मारून नेण्याचीही सोय नसते. मराठी मुद्रणाच्या अर्वाचीन इतिहासातील एवढा मोठा ऐवज एखाद्या ८४५जी बोर्डाच्या ड्रायव्हरवर अवलंबून असावा, ही चिंतेची बाब आहे आणि तिची दखल मुद्रणाच्या अभ्यासकांनी घ्यायला हवी.

२००७ च्या विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरची अंतर्गत रचनाच बदलली आणि त्या वर्षी ९१५जी व त्याआधीचे सर्व इंटेल चिपसेट एका फटक्यात मागे पडले, कारण नव्या रचनेचे ड्रायव्हर त्यांच्यासाठी कंपनीने काढलेच नाहीत. जिल्ह्यात याचा तडाखा लगेच बसला नाही, कारण येथे एक्सपीच चालू होती. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा थांबवला, २०१६ मध्ये क्रोम ब्राउझरनेही तिला सोडले, आणि २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरावे लागले तेव्हा यवतमाळसारख्या कापूस-उत्पादक जिल्ह्यात सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. एव्हाना शासनाची संकेतस्थळे जुन्या ब्राउझरवर उघडत नव्हती, म्हणून जुन्या बोर्डांवर विंडोज ७ चढवणे भाग पडले आणि ८६५जीसारख्या चिपसेटला विंडोज ७ चा ड्रायव्हर नाही, ही अडचण उघडी पडली. एक्सपीचा ड्रायव्हर ३२ बिटी विंडोज ७ वर हाताने बसवण्याचा प्रयोग काही यंत्रांवर यशस्वी होई, काहींवर निळा पडदा येई, आणि ६४ बिटी विंडोजवर तर तो मार्गच बंद होता.

ड्रायव्हर न मिळालेले यंत्र विंडोज ७ मधील साध्या व्हीजीए ड्रायव्हरवर, म्हणजे प्रत्यक्षात व्हेसाच्या समान नियमांवर, चाले, पण आता मॉनिटर बदलले होते. काचेच्या नळीच्या जागी १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा रुंद सपाट पडदा आला होता आणि जुन्या चिपच्या बायोसमध्ये त्या मापाची नोंदच नव्हती. १०२४ बाय ७६८ चे चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणले जाई, सातबारावरील अक्षरे आडवी फुगलेली व धूसर दिसत, आणि पान वर सरकवताना ते तुकड्या-तुकड्यांनी सरके, कारण चित्र हलवण्याचे काम चिपऐवजी प्रोसेसरला करावे लागे. ड्रायव्हर मिळालेल्या यंत्रांवरही कधी १३६६ ऐवजी १३६० चाच पर्याय दिसे. याचे कारण असे की अनेक चिपांना पडद्याची रुंदी आठने भाग जाणारीच लागते आणि १३६६ ला आठने भाग जात नाही. कडेला उरणारी ती बारीक काळी पट्टी पाहून ग्राहक मॉनिटर परत करायला निघत, आणि त्यांना हे गणित समजावून सांगणे हेही कारागिराचेच काम होते.

लिनक्सने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. तिचे इंटेलसाठीचे ड्रायव्हर मुक्त स्वरूपाचे असून कार्यप्रणालीच्या गाभ्यातच सामावलेले असतात, त्यामुळे कंपनीने सोडून दिलेल्या चिपांनाही तेथे दीर्घकाळ आधार मिळत राहिला. २००५ ते २०११ या काळात उबुंटू या लिनक्स-संचाच्या सीड्या मागणी केल्यास टपालाने विनामूल्य घरपोच येत. डिस्कवर काहीही न बसवता थेट सीडीवरून चालणारी अशी लिनक्स हे निदानाचे उत्तम साधन होते : तिच्यावर पडदा स्वच्छ दिसला तर चिप निर्दोष आहे आणि दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा आहे, हे बऱ्याच खात्रीने कळे. कार्यालयांत व छपाईखान्यांत लिनक्स रुजली नाही, याला वर सांगितलेले फाँट व डोंगल हे मुख्य कारण दिसते.

इंटेलने २०१३ मध्ये डेस्कटॉप मदरबोर्ड बनवण्याच्या व्यवसायातून माघार जाहीर केली आणि २०१९ च्या अखेरीस आपल्या संकेतस्थळावरून जुन्या बोर्डांचे अनेक बायोस व ड्रायव्हर काढून टाकले. तेव्हापासून तालुक्याच्या दुकानांतील कापडी पाकिटांतल्या सीड्यांना दस्तऐवजाचे मोल आले आहे, आणि घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर उष्णतेत लवकर खराब होत असल्यामुळे हे दस्तऐवज फार काळ टिकणारे नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, बऱ्याच नव्या पिढीचा प्रोसेसर आणि नव्या रचनेचा डिस्प्ले ड्रायव्हर लागतो, म्हणजे आज चालू असलेल्या असंख्य संगणकांची पुढची पाळी ठरलेली आहे. यवतमाळ व पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक विभागांना एका उन्हाळी सुटीत जिल्ह्यातील जुन्या दुकानांतून या सीड्या मागून आणून त्यांच्या प्रती काढता येतील. प्रत्येक प्रतीसोबत बोर्डाचे नाव, चिपचे दोन्ही क्रमांक, ज्या विंडोजवर ड्रायव्हर खात्रीने चालला तिची आवृत्ती, आणि जेथे तो चालला नाही त्या जोड्यांविषयी कारागिराने सांगितलेला अनुभव एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवाव्या लागतील.